वर्क नाही, फक्त होम!

शनिवारची दुपार. शोरूम फुल्ल. टाय लावलेला एक चटपटीत पोरगा धावत आला, नवऱ्याशी जोरदार शेकहॅण्ड केला, माझ्याकडे बघून नुसतं हसला आणि त्याने थंडगार पाण्याच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या. मग रंग झाले, मायलेज झालं, बूट स्पेस झाली. (व्हीलचेअर घडी करून मावते का, हा आमचा एकमेव प्रश्न. उत्तर : मावते.) शेवटी तो मुद्द्यावर आला.

"सर, आपण कुठे असता?"

"घरी."

"ओह, वर्क फ्रॉम होम! नाइस."

"नाही. वर्क नाही, फक्त होम."

पोराचं पेन हवेतच थांबलं. मग पहिल्यांदाच त्याची खुर्ची माझ्या दिशेने वळली.

"आणि मॅडम, आपण?"

"फ्रीलान्स जर्नलिस्ट."

"म्हणजे... आपण पण घरीच?"

च्यायला! चार वर्षं पाच-सहा मासिकांसाठी रात्री जागून लिहितेय मी. पण त्या क्षणी आमच्या टेबलावर दोन रिकामटेकडे बसले होते आणि शोरूमचं फुकटचं पाणी पीत होते.

थोडं बॅकग्राउंड सांगते. माझा नवरा हिंजवडीत होता. चांगला पगार, कंपनीची बस, वर्षाला एक बोनस. चौदा महिन्यांपूर्वी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. आई, म्हणजे सासूबाई, चार वर्षांपूर्वीच गेल्या. तीन महिने आम्ही ब्यूरोची माणसं ठेवून बघितली. एक आठवडाभर टिकला, एक न सांगता गायब, एकाने बाबांना बाथरूममध्ये जवळजवळ पाडलंच. मग एका रात्री नवरा म्हणाला, "मी सोडतो नोकरी. तुझं काम कसंही बसवता येतं म्हणून तूच घरी थांबायचं, हे मला पटत नाही." मी रडले, भांडले, एक्सेल शीट काढली. एक्सेल शीट त्याच्या विरोधात होती. तरीही त्याने सोडली.

आता त्याचा दिवस साडेसहाला सुरू होतो. बाबांची आंघोळ, औषधं, नाश्ता, व्यायाम, स्वयंपाक, धुणं, भाजी. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, कोथरूडहून एरंडवण्याला. अंतर फार नाही, पण व्हीलचेअर दिसली की रिक्षावाले मान फिरवतात आणि कॅब कॅन्सल होतात. जूनमधल्या एका पावसात दोघं पाऊण तास रस्त्यावर उभे होते. घरी आल्यावर बाबा तुटक तुटक म्हणाले, "उद्यापासून... नाही जायचं." त्याच रात्री गाडीचं ठरलं. म्हणजे हौस नाही, गरज.

दोघांत मिळून एक

शोरूममधून बाहेर पडल्यावर घरी आम्ही दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट काढला. (तुम्हीही काढा. देशात अशा चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत आणि २०१७ पासून प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.) स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. नवऱ्याचा आला ७८१. नोकरीत असताना त्याने बाइकचं कर्ज वेळेवर फेडलं होतं आणि क्रेडिट कार्डाचं बिल कधी चुकवलं नव्हतं.

आणि माझा? माझ्या रिपोर्टवर लिहिलं होतं : एनएच. नो हिस्टरी. इतिहासच नाही! मी कधी कर्ज घेतलं नाही, कार्ड घेतलं नाही. 'ऋण काढून सण नको' हा आईचा फंडा मी इतकी वर्षं अभिमानाने पाळला. पण ज्याने कधीच उधार घेतलं नाही तो परत करेल की नाही, हे बँकेला कळणार तरी कसं?

म्हणजे गंमत बघा. त्याच्याकडे पत आहे, उत्पन्न नाही. माझ्याकडे उत्पन्न आहे, पत नाही. आम्हा दोघांत मिळून बँकेच्या लेखी एक अख्खा माणूस होतो!

(निव्वळ क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत तसं सांगितलंही. पण 'नाकारू नये' म्हणजे 'द्यावंच' असं नाही. उत्पन्नाचे कागद मागणारच.)

"कन्सल्टंट दाखवू!"

सोमवारी सकाळी शोरूममधूनच एका एजंटचा फोन. आवाज एकदम फ्रेंडली.

"मॅडम, काही टेन्शन नाही. सरांना आपण आयटी कन्सल्टंट दाखवू. माझ्या ओळखीचे एक जण आहेत, दोन वर्षांचे रिटर्न भरून देतात. सात लाख, सात वर्षं, हप्ता फक्त अकरा हजार. गाडी गणपतीच्या आत दारात!"

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. बाबांचा रस्त्यावर भिजलेला चेहरा डोळ्यांसमोर होता. शिवाय नवरा होताच की आयटीत! थोडी तारीख इकडेतिकडे, एवढंच. मी फोनवर हात ठेवून त्याला विचारलं.

तो बाबांसाठी मऊ भात कालवत होता. वर न बघता म्हणाला, "नको."

"अरे, पण फक्त कागदावर..."

"कागदावरच नको. चौदा महिने मी जे करतोय ते काम आहे. त्याला लपवायला दुसरं खोटं काम कशाला दाखवू?"

मी फोन ठेवला. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा घाम फुटला. खोटं उत्पन्न दाखवून कर्ज घेणं ही सरळ फसवणूक आहे, आणि त्या अर्जावर सही एजंटची नसते, तुमची असते. एजंट कमिशन घेऊन मोकळा होतो. सही मात्र तुमच्यापाशी राहते. तुम्हालाही असा फ्रेंडली फोन येईल. ठेवून द्या.

सही म्हणजे काय रे भाऊ?

मग आम्ही गुपचूप ज्या बँकेत माझं कॉलेजपासून खातं आहे तिथे गेलो. समोर पन्नाशीच्या एक ऑफिसर मॅडम. बाबाही हट्टाने आले होते, निवृत्त शिक्षक माणूस. खिशातून पेन्शनचं पासबुक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "माझी... पेन्शन लावा." मॅडमनी ते दोन्ही हातांनी परत दिलं आणि म्हणाल्या, "सर, तुमचं वय ७१. कर्ज संपेपर्यंतचं वय आम्ही बघतो. राहू दे तुमच्याकडे, पेट्रोलला लागेल." बाबा हसले. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

मग मॅडमनी आम्हाला जे समजावलं ते एमबीएच्या पोरांनाही कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट : जोडीदाराला उत्पन्न नसलं तरी गाडी त्याच्या नावावर घेता येते. बऱ्याच बँका नवरा-बायकोला एकत्र कर्ज देतात. कमावणारा मुख्य अर्जदार, आणि ज्याच्या नावावर गाडी तो सहअर्जदार. प्रत्येक बँकेचा नियम थोडा वेगळा असतो, तेव्हा गाडी बुक करायच्या आधी विचारा, नंतर नाही. जोडीदाराच्या नावावर स्वतःची एफडी असेल तर तिच्यावरही कर्ज मिळतं आणि त्याला पगाराची स्लिप लागत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची : सहअर्जदार म्हणजे फॉर्मवरची शोभेची सही नाही. १८७२ चा करार कायदा आहे. त्याच्या कलम ४३ प्रमाणे एकत्र घेतलेल्या कर्जात बँक दोघांपैकी कोणाकडूनही सगळी रक्कम मागू शकते. अर्धी नाही, सगळी! 'मी फक्त जामीनदार आहे' म्हणणाऱ्यांसाठी कलम १२८ आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. हप्ता चुकला तर डाग दोघांच्याही रिपोर्टवर पडतो.

"आणि उद्या तुमचं पटलं नाही," मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तरी बँकेचं लग्न दोघांशी लागलेलं राहतं."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळलं. खरं सांगू? तो विचार माझ्या मनात येऊन गेला होता. दरमहा हप्ता मी भरणार, गाडी त्याच्या नावावर. उद्या काही झालं तर? आईने तर फोनवर सरळच विचारलं होतं, "अगं, पैसे तुझे आणि गाडी त्याची? तुझ्या नावावर का नाही?"

मग मला आठवलं, आईची स्कूटी बाबांच्या नावावर आहे. (हे माझे माहेरचे बाबा.) गॅस बाबांच्या नावावर, फ्लॅट बाबांच्या नावावर, आणि तीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर आईच्या नावापुढे 'उत्पन्न : निरंक'. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, "तिच्या नावावर का नाही?"

लायसन्सचा ट्विस्ट

खरं उत्तर मात्र इमोशनल नव्हतं, एकदम प्रॅक्टिकल होतं. मला गाडी चालवता येत नाही. लायसन्सच नाही! आणि गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मिळतो आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला, आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. म्हणजे गाडी माझ्या नावावर घेतली असती आणि रोज चालवणाऱ्या नवऱ्याला काही झालं असतं, तर त्या १५ लाखांतला रुपयाही मिळाला नसता. त्याच्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागलं असतं. गाडी कोणाच्या नावावर, हा प्रश्न मानापमानाचा वाटतो. निम्म्या वेळा तो गाडी कोण चालवणार याचा असतो.

आरसीवर सहसा एकच नाव असतं. पण २०२१ पासून तिथे नॉमिनीचं नाव लावता येतं, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचे यजमान अचानक गेले. गाडी त्यांच्या नावावर. तीन महिन्यांच्या आत अर्ज करा, फॉर्म ३१ भरा, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद. काकू आरटीओच्या इतक्या चकरा मारत होत्या आणि खाली गाडी धूळ खात उभी. 'तुझं आहे ते माझंच आहे' हे वाक्य आरटीओच्या खिडकीत चालत नाही. म्हणून आमची गाडी त्याच्या नावावर, नॉमिनी मी. आईला तेवढं सांगितल्यावर ती गप्प झाली. (पटलं असं नाही. गप्प झाली.)

सगळ्यात वाईट महिना

आता आकडे. शोरूमचं गणित : सात लाख कर्ज, सात वर्षं. व्याज ९ टक्के धरलं तर हप्ता ११,२६२. ऐकायला गोड. पण ८४ ने गुणा! एकूण साडेनऊ लाखांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ अडीच लाख नुसतं व्याज, आणि सातव्या वर्षी गाडीची किंमत काय राहील ते सांगायलाच नको.

मॅडमनी मला विचारलं, "गेल्या दोन वर्षांतला तुमचा सगळ्यात वाईट महिना कोणता?" मी सरासरी सांगायला लागले. "सरासरी नको. वाईट महिना सांगा. हप्ता सरासरीतून जात नाही, त्या महिन्यातून जातो."

माझा वाईट महिना होता गेल्या वर्षीचा मे. दोन पेमेंट्स अडकली होती, हातात आले २६ हजार. फ्रीलान्सर मंडळी, हा आकडा तुम्हीही शोधून ठेवा. आणि घरात एकच कमावता असेल तर नोकरीवाल्यांनीही. उद्या तो एक पगार थांबला तर किती महिने हप्ता जाईल? आम्ही ठरवलं, सहा महिन्यांचे हप्ते आधी बाजूला ठेवायचे, मगच सही.

मोठ्या गाडीचा नाद सोडला. साध्या हॅचबॅकवर आलो, ऑन रोड साडेसात लाख. साडेतीन लाख नवऱ्याच्या नोकरीतल्या एफडीमधून, उरलेले चार लाख कर्ज, पाच वर्षं. त्याच ९ टक्क्यांनी हप्ता ८,३०३ आणि एकूण व्याज ९८ हजारांच्या घरात. एफडी मोडताना तो म्हणाला, "बघ, माझाही पगार लागला गाडीला." थट्टेत म्हणाला, पण मला ते लागलं.

आणखी एक. ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जासाठी बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायलाच हवं. व्याज, प्रोसेसिंग फी, इतर चार्जेस सगळं मिळून वर्षाला खरा खर्च किती टक्के, ते त्यात एका आकड्यात असतं. हप्ता बघून भुलू नका, तो आकडा बघा. कर्ज लवकर फेडलं तर दंड किती, तेही त्याच वेळी विचारा.

गाडीखाली आणि गाडीत

हे सगळं करताना माझ्यातली जर्नलिस्ट जागी झाली आणि मी जरा वाचत सुटले. तेव्हा कळलं की घर सांभाळणाऱ्या माणसाच्या कामाचा हिशेब आपल्याकडे होतो. अगदी व्यवस्थित होतो. फक्त कधी, ते ऐका.

रस्त्यावरच्या अपघातात गृहिणी गेली की नुकसानभरपाई ठरवताना कोर्ट तिचं 'मानीव उत्पन्न' धरतं. १९९४ साली मोटार वाहन कायद्यात आलेल्या तक्त्यात तर स्पष्ट होतं : न कमावत्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरा. (तो तक्ता आता बदललाय.) जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या अशाच एका खटल्यात सांगितलं, की गृहिणी घराच्या अर्थकारणात खरीखुरी भर घालते, आणि तिचं उत्पन्न धरणं ही तिच्या कामाची दखल आहे. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात तर मिनिटंही मोजलेली आहेत. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८.

म्हणजे बॉस, घर सांभाळणारा माणूस गाडीखाली गेला की त्याच्या कामाला किंमत. तोच माणूस गाडी घ्यायला गेला की निरंक!

बँकेला मी दोष देत नाही. ती माया बघत नाही, महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा बघते. तिने तसंच बघावं. पण निदान घरात तरी आपण बँकेसारखं बघू नये ना? मी काही वेळा बघितलंय. महिनाअखेरीला चिडून "पैसे काय झाडाला लागतात का?" असं त्याला म्हटलंय. तो काही बोलला नाही. बाबांच्या गोळ्या डबीत भरत राहिला.

अर्ज ऑनलाइन भरताना मॅडम एका रकान्यापाशी अडकल्या. सहअर्जदाराचा व्यवसाय. यादीत नोकरी, धंदा, पेन्शनर, हाउसवाइफ. "हाउसहजबंड नाहीये हो," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "'इतर' टाकू?"

"हाउसवाइफच टाका की," नवरा म्हणाला. "काम तेच आहे." शेवटी 'इतर' टाकलं. सिस्टिमने लिंग आणि हाउसवाइफ एकत्र घेतलं नाही.

गाडी आली. पांढरी, एमएच १२. आरसीवर नाव त्याचं, त्याखाली बँकेचा बोजा, नॉमिनी मी. दर ५ तारखेला माझ्या खात्यातून ८,३०३ जातात आणि दर वेळी पोटात थोडं खड्डा पडल्यासारखं होतं. मी ड्रायव्हिंग क्लास लावलाय. परवा क्लच सोडताना तीनदा बंद पाडली.

पहिल्या दिवशी बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. बेल्ट लावला. त्यांनी डॅशबोर्डवरून डावा हात फिरवला आणि हळूहळू विचारलं,

"हप्ता... कोण भरतं?"

"ती," नवरा म्हणाला.

"गाडी... कोणाची?"

"त्याची," मी मागून म्हटलं.

बाबांनी थोडा विचार केला. मग डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून पाचशेची नोट काढली, डॅशबोर्डवर ठेवली आणि म्हणाले,

"पेट्रोल... माझं."